३ टक्के उतार म्हणजे ३ अंशांचा कोन का नाही?

प्रश्न – बालाघाटकर, अंबाजोगाई तालुका

नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीत गेली असून सुट्टीतल्या जादा तासांना तिचे निर्देशक भूमितीचे प्रकरण शिकवून झाले आहे. त्या प्रकरणावरून आमच्या घरात आठवडाभर वाद चालू आहे आणि तो आम्हा दोघांच्याने मिटत नसल्यामुळे हा धागा काढत आहे. मी बारावीनंतर शेतीकडे वळलो. रेषा, किरण, कोन, समांतर रेषा आणि छेदिका इथपर्यंतची भूमिती मला बऱ्यापैकी आठवते. 'रेषेचा चढ' हा भाग मात्र आमच्या वेळी एक तर नसावा किंवा मी तो ऑप्शनला टाकला असावा.

वादाचे मूळ आमच्या रानात आहे. डोंगराच्या पायथ्याशी आमची साडेतीन एकर जमीन आहे आणि वरच्या अंगाची काळी माती दर पावसाळ्यात वाहून खालच्या बांधाला जाऊन बसते. पावसाआधी बांधबंदिस्ती करावी म्हणून गवंड्याकडून पाण्याची लेव्हल नळी मागून आणली, दोन सरळ काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि मी व मुलीने मिळून उतार मोजला. रानाचा वायव्येचा कोपरा सर्वांत उंच आहे. त्या कोपऱ्यापासून पूर्वेकडे जाणाऱ्या धुऱ्याने (शेताच्या हद्दीच्या कडेने) २० मीटर गेल्यावर पातळीत ६० सेंमीचा फरक आला, म्हणजे ३ टक्के उतार. त्याच कोपऱ्यापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या धुऱ्याने २० मीटर गेल्यावर मात्र ४० सेंमीचाच फरक आला, म्हणजे २ टक्के.

मी सहज बोलून गेलो की ३ टक्के उतार म्हणजे जमीन ३ अंशांनी कललेली आहे. मुलगी म्हणाली की तो कोन ३ अंशांचा नसून पावणेदोन अंशांच्याही किंचित आतला आहे. मी म्हटले, शंभर टक्के म्हणजे पूर्ण उभे, पूर्ण उभे म्हणजे काटकोन, म्हणून शंभर टक्क्यांना ९० अंश, मग त्या हिशेबाने तरी ३ टक्क्यांना २.७ अंश यायला हवेत. तिचे म्हणणे असे की शंभर टक्क्यांचा कोन ४५ अंशच असतो. हे तिने मला वहीत काढून दाखवायचे ठरवले आणि तिथे तीही अडकली. तिने आलेखावर (०, ०) आणि (४, ३) हे बिंदू घेऊन रेषा काढली. पुस्तकाप्रमाणे चढ तीन छेद चार आणि कोन सुमारे ३७ अंश यायला हवा, पण कोनमापक लावल्यावर तो ५६ अंश भरला. आता तिचा पुस्तकावर आणि माझा तिच्यावर विश्वास डळमळला आहे.

शेवटची शंका माझी एकट्याची आहे. एकाच रानाला एका धुऱ्याने ३ टक्के आणि दुसऱ्या धुऱ्याने २ टक्के उतार कसा? बांध घालताना यांपैकी कोणता आकडा खरा धरायचा?


प्रतिसाद १ – गणितशिक्षिका, लातूर

बालाघाटकर, टक्के आणि अंश यांच्या वादात मुलीचे बरोबर आहे. आपण जे केले त्याला त्रैराशिक म्हणतात आणि चढ व कोन यांच्यात त्रैराशिक चालत नाही, एवढीच यातली अडचण आहे. वर्गात हा गोंधळ मी दरवर्षी पाहते. बहुतेक मुले सूत्र पाठ करून पुढे जातात आणि गोंधळ तसाच आत राहतो, त्यापेक्षा घरात वाद झालेला बरा.

कोन हे वळण्याचे माप आहे. एका बिंदूतून निघालेल्या दोन किरणांपैकी एक स्थिर ठेवून दुसरा त्याच्यापासून किती फिरवला, हे कोन सांगतो. पूर्ण फेरीचे ३६० भाग केले की सरळकोन १८० अंशांचा आणि काटकोन ९० अंशांचा होतो. चढ हे वळण्याचे माप नाही, तो भागाकार आहे. आडवे अंतर चालताना उंची कितीने बदलली, ते त्या आडव्या अंतराने भागायचे आणि टक्क्यांत हवे असेल तर १०० ने गुणायचे. मीटरला मीटरने भागल्यामुळे त्याला एककही उरत नाही.

एक प्रयोग घरच्या भिंतीपाशी करून पाहा. भिंतीपासून बरोबर १ मीटरवर जमिनीवर खिळा ठोका आणि त्याला सुतळी बांधा. सुतळीचे दुसरे टोक भिंतीवर १ मीटर उंचीवर लावले की आडवे अंतर १ आणि उंचीही १, म्हणजे चढ १०० टक्के. सुतळीने जमिनीशी केलेला कोन मोजा, तो ४५ अंश भरेल, कारण तिथे तयार झालेला काटकोन त्रिकोण समद्विभुज आहे. आता टोक २ मीटरवर न्या. चढ २०० टक्के झाला, म्हणजे दुप्पट. कोन मात्र ९० होणार नाही, तो ६३.४ अंश होईल. ३ मीटरवर ७१.६ अंश. पहिल्या मीटरने ४५ अंश दिले, दुसऱ्याने १८.४ आणि तिसऱ्याने जेमतेम ८. भिंत १० मीटर उंच असती तरी कोन ८४.३ अंशांपर्यंतच पोहोचला असता, आणि भिंत कितीही उंच केली तरी सुतळी पूर्ण उभी होणार नाही, कारण खिळा भिंतीपासून १ मीटर दूरच आहे. सुतळी उभी करायची तर खिळा भिंतीच्या बुडाशी न्यावा लागेल. मग आडवे अंतर शून्य होते आणि शून्याने भागता येत नाही. म्हणूनच उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही असे आपण शिकवतो. "पूर्ण उभे म्हणजे शंभर टक्के" हे आपले वाक्य बोलण्यात शोभते, पण उताराच्या हिशेबात शंभर टक्के ही काही कमाल मर्यादा नव्हे.

चढ आणि कोन यांना जोडणारा पूल म्हणजे टॅन हे गुणोत्तर. क्ष-अक्षाच्या धन दिशेशी रेषेने केलेल्या कोनाचे टॅन म्हणजेच त्या रेषेचा चढ. टॅन ४५° = १, म्हणून १०० टक्के; आणि ज्या कोनाचा टॅन ०.०३ आहे तो कोन १.७२ अंशांचा, म्हणून मुलीचे "पावणेदोनच्या आत". उतार लहान असेल तर एक सोपी युक्ती चालते. टक्क्यांच्या आकड्याला ०.५७३ ने गुणले की कोन जवळपास बरोबर येतो. १० टक्क्यांपर्यंत ही युक्ती शाबूत असते (५.७३ येतो, खरा कोन ५.७१), १०० टक्क्यांना मात्र ती ५७.३ अंश सांगते आणि खरा कोन ४५ असतो. म्हणजे आपले त्रैराशिक अगदीच टाकाऊ नव्हते, फक्त ते चुकीच्या टोकाकडून मांडले होते.

जाता जाता शब्दांविषयी. पुस्तकात 'चढ' आहे आणि रानात 'उतार', पण रेषा एकच असते. डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर गेली तर चढ धन आणि खाली गेली तर ऋण. ऋण चढाच्या रेषेने क्ष-अक्षाच्या धन दिशेशी केलेला कोन विशालकोन असतो, हे मुलीकडून एकदा काढून घ्या. परीक्षेत नेमके तिथेच गुण जातात.


प्रतिसाद २ – ओळंबा, परभणी (सेवानिवृत्त शाखा अभियंता)

ताईंनी गणिताची बाजू स्वच्छ मांडली आहे. मी कामावरची बाजू सांगतो, कारण नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी उतार असंख्य वेळा मोजले, पण अंशांत क्वचितच लिहिले.

याचे कारण असे की आपल्या कामातले बहुतेक उतार अंशांत मांडले तर दिसेनासे होतात. मुंबई-पुणे लोहमार्गावरचा भोर घाट घ्या. तिथे चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. हा चढ पार करण्यासाठी बहुतेक गाड्यांना कर्जतपासून मागे जादा इंजिने लावावी लागतात. अंशांत हाच चढ दीडच्या किंचित वर भरतो. स्थानकाच्या आवारात रेल्वे ४०० ला १ पेक्षा तीव्र उतार ठेवत नाही, कारण उभा केलेला डबा आपोआप घरंगळता कामा नये. हा उतार अंशाच्या सातव्या भागाएवढा आहे. शाळेच्या कोनमापकावर सर्वांत बारीक खूण एका अंशाची असते, मग हा उतार त्याने मोजणार कसा? गुणोत्तराला मात्र टेप आणि पाण्याची नळी एवढे साहित्य पुरते. चाकाच्या खुर्चीसाठी सार्वजनिक इमारतीत जो रॅम्प करतात, त्याला १२ ला १ हे प्रमाण धरतात: ६० सेंमी उंचीच्या ओट्यासाठी ७.२ मीटर लांबी. ही लांबी वाचवायला जो तो पाहतो आणि मग असा रॅम्प होतो की चालत्या माणसालाही कठडा धरावा लागतो.

आता एक इशारा, जो मी नव्या पोरांना नेहमी देत असे. गणितात चढ म्हणजे उभे भागिले आडवे. मातीकामात बाजूचा उतार लिहिताना आडवे आधी आणि उभे नंतर लिहितात. "दीडास एक" म्हणजे दीड मीटर आडवे आणि एक मीटर उभे. गणिताच्या भाषेत हा चढ १.५ नसून १ भागिले १.५, म्हणजे दोन छेद तीन, आणि कोन ३३.६९ अंश. हेच कोणी उलट वाचले तर कोन ५६.३१ अंश होतो. काळ्या मातीत असा उभट काठ काढला तर पहिल्या पावसात तो फुगतो, दुसऱ्यात फाटतो आणि पुढे कधीतरी सगळाच्या सगळा आत येऊन बसतो. एका ठिकाणी हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नकाशा बरोबर होता, वाचणारा चुकला होता.

उदाहरणाला आपल्याकडचे नेहमीचे शेततळे घेऊ. वरून ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूचा उतार एकास एक. प्रत्येक बाजू ३ मीटर आत येते, म्हणून तळ २४ बाय २४ मीटरचा होतो आणि पाणी २,१९६ घनमीटर मावते. जमीन भुसभुशीत म्हणून दीडास एक उतार ठेवला तर तळ २१ बाय २१ मीटर होतो आणि पाणी १,९७१ घनमीटरच मावते. नुसता बाजूचा कल बदलल्याने २२५ घनमीटर, म्हणजे सव्वादोन लाख लिटर गेले. प्लास्टिकचा कागद अंथरायचा असेल तर काठाची तिरपी लांबी लागते. ती पहिल्या तळ्यात ४.२४ मीटर आणि दुसऱ्यात ५.४१ मीटर आहे. खोली ३ मीटर म्हणून काठालाही ३ मीटर कागद धरणारे लोक मी पाहिले आहेत.

मुलीला नववीचा समांतर रेषांचा पाठ आठवत असेल तर तिला हे तळे उभे कापून कागदावर काढू द्या. वरची जमीन आणि तळाची जमीन या दोन समांतर रेषा आणि तिरपा काठ ही छेदिका. दीडास एक उतारात काठाने वरच्या पातळीशी पाण्याच्या बाजूला केलेला कोन ३३.६९ अंश असेल, तर तळाशी आतल्या बाजूचा कोन १४६.३१ अंशच असायला हवा, कारण छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन पूरक असतात. आम्ही जागेवर हा कोन मोजत नसू, पण ओळंबा आणि टेप लावून जे तपासत असू ते मुळात हेच.

बालाघाटकर, एक विचारायचे राहिले: २० मीटर मोजताना टेप जमिनीवर अंथरला होता की आडवा ताणून धरला होता? आपल्या रानात याने फरक पडत नाही, कारण ३ टक्के उतारावर २० मीटरमागे केवळ ९ मिलिमीटरची तफावत येते. पण मागच्या डोंगरावर चर काढायचे ठरवले आणि तिथे ३३ टक्के उतार असला, तर जमिनीवर अंथरलेला २० मीटरचा टेप आडवा १९ मीटरच भरतो. चढ काढताना भागायचे ते आडव्या अंतराने, तिरप्याने नव्हे.


प्रतिसाद ३ – आलेखवही, जालना

मी अध्यापक विद्यालयात शिकतो आहे. आलेखाच्या कोड्यावर आधी एक प्रतिप्रश्न विचारतो. मुलीने दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखे घेतले होते का? ५६ हा आकडा पाहून माझा अंदाज असा आहे की क्ष-अक्षावर १ सेंमी म्हणजे १ एकक आणि य-अक्षावर २ सेंमी म्हणजे १ एकक असे प्रमाण घेतले गेले असावे.

तसे असेल तर (४, ३) हा बिंदू कागदावर ४ सेंमी उजवीकडे आणि ६ सेंमी वर पडतो. निर्देशकांवरून काढलेला चढ तीन छेद चारच राहतो, कारण तो भागाकार एककांचा आहे. कोनमापकाला मात्र एकके कळत नाहीत, त्याला कागदावरचे सेंटिमीटर दिसतात. त्याच्या लेखी चढ सहा छेद चार, म्हणजे १.५ आहे आणि त्याचा कोन ५६.३१ अंश. म्हणजे कोनमापक खरे बोलत होता, फक्त तो दुसऱ्याच रेषेविषयी बोलत होता.

हीच गोष्ट लंब रेषांच्या बाबतीत अधिक ठळक दिसते. (०, ०) पासून (४, ३) पर्यंत जाणारी रेषा आणि (०, ०) पासून (−३, ४) पर्यंत जाणारी रेषा यांचे चढ तीन छेद चार आणि उणे चार छेद तीन आहेत. गुणाकार −१, म्हणून रेषा परस्परांना लंब. असे का होते ते पाहायचे असेल तर कागद डावीकडे काटकोनात फिरवा: जे ४ एकके आडवे होते ते उभे होते आणि जे ३ एकके उभे होते ते डाव्या हाताला आडवे पडते. उभे आणि आडवे यांची अदलाबदल झाली आणि एकाचे चिन्ह बदलले, म्हणून −१. (एक रेषा आडवी आणि दुसरी उभी असेल तर हा नियम लावता येत नाही, कारण उभ्या रेषेचा चढच नसतो.) आता याच दोन रेषा मुलीच्या प्रमाणाने काढल्या तर त्यांच्यात काटकोन दिसणारच नाही, सुमारे ५४ अंशांचा कोन दिसेल. कोन मोजायचा असेल तर दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखे हवे, ही अट पाठ्यपुस्तकात ठसठशीत छापायला हवी असे माझे मत आहे.


बालाघाटकर

आलेखवही यांचा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला. वहीत वरच्या बाजूला जागा शिल्लक होती म्हणून य-अक्षावर २ सेंमी घेतले, असे मुलीने सांगितले. तिने सारख्या प्रमाणाने रेषा पुन्हा काढली आणि कोनमापकावर ३७ अंश आले. भिंतीचा प्रयोगही केला. ६३ अंशांपर्यंत आम्ही पोहोचलो, त्यापुढे शिडी नव्हती.

अभियंता साहेब, टेप जमिनीवरच अंथरला होता. ९ मिलिमीटर सोडून देतो. पण ३ आणि २ टक्क्यांचा गुंता अजून सुटलेला नाही.


प्रतिसाद ४ – समपातळी, हिंगोली

पाणलोटाच्या कामात काही वर्षे घालवल्यामुळे हा गुंता माझ्या ओळखीचा आहे. आपण मोजलेले दोन्ही आकडे खरे आहेत आणि बांधासाठी त्यांतला एकही पुरेसा नाही.

चढ हा रेषेचा असतो. रान ही रेषा नव्हे, ते प्रतल आहे, आणि कललेल्या प्रतलावर जितक्या दिशांना रेषा काढाल तितके वेगळे चढ मिळतात. एका दिशेला तो सर्वांत जास्त असतो, पाणी तिकडेच धावते. तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेला तो शून्य असतो, तिला आपण समपातळी रेषा म्हणतो आणि बांध तिच्यावर घालतो. आपले धुरे पूर्वजांनी वाटणीच्या सोयीने आखले आहेत, पाण्याच्या सोयीने नव्हे, म्हणून धुऱ्याने मोजलेला उतार मधलाच कुठला तरी येतो.

आपल्या मोजमापातूनच समपातळी रेषा निघते, नवी उपकरणे लागत नाहीत. वरच्या कोपऱ्याला आरंभबिंदू माना, पूर्वेचा धुरा क्ष-अक्ष आणि दक्षिणेचा धुरा य-अक्ष धरा. (कागदावर दक्षिण वरच्या बाजूला येईल, त्याने बिघडत नाही.) पूर्वेच्या धुऱ्यावर २० मीटरवर आपण ६० सेंमी खाली आहात. दक्षिणेच्या धुऱ्यावर ३० मीटर गेलात तर २ टक्क्यांनी तिथेही ६० सेंमीच खाली याल. म्हणजे (२०, ०) आणि (०, ३०) हे दोन बिंदू एकाच पातळीवर आहेत. दोन्हींवर खुंट्या ठोका आणि दोरी ताणा. रान मधे खचलेले किंवा फुगलेले नसेल तर ही दोरी म्हणजेच समपातळी रेषा.

आता मुलीचे प्रकरण उघडा. या रेषेचा चढ ३० भागिले उणे २०, म्हणजे उणे तीन छेद दोन. पाणी धावण्याची दिशा तिला लंब, म्हणून तिचा चढ दोन छेद तीन. (इथे चढ म्हणजे रानाच्या नकाशावरील रेषेचा चढ, जमिनीचा उतार नव्हे, हे लक्षात ठेवावे, नाहीतर पुन्हा घोटाळा होईल.) म्हणजे कोपऱ्यापासून ३० मीटर पूर्वेला आणि तिथून २० मीटर दक्षिणेला जो बिंदू आहे, त्या दिशेने पाणी जाते. पूर्वेकडे जाताना ९० सेंमी आणि दक्षिणेकडे जाताना ४० सेंमी, मिळून १३० सेंमी उतार, आणि कर्णाची लांबी ३६.०६ मीटर. भागाकार केला की ३.६ टक्के येतात. हा आपल्या रानाचा खरा उतार. धुरे काटकोनात असतील तर तो आणखी थेट निघतो: ३ चा वर्ग अधिक २ चा वर्ग, १३, त्याचे वर्गमूळ ३.६. पायथागोरसचा सिद्धांत उतारांनाही लागू पडतो, हे मला नोकरीत आल्यावर कळले, शाळेत नव्हे.

पेरणीचाही हिशेब यातच आहे. समपातळी रेषेला समांतर तास (पेरणीच्या ओळी) धरले तर प्रत्येक तास आडवा राहतो आणि पाणी जागेवर मुरते. पाण्याच्या दिशेपासून ६० अंश वळून तास धरले तर तासातला उतार निम्मा, म्हणजे १.८ टक्के होतो. बऱ्याच गावांत लांब धुऱ्याने तास धरतात, कारण बैल किंवा ट्रॅक्टर कमी वेळा वळवावा लागतो. त्यात वेळ वाचतो हे खरे, आणि माती खालच्या बांधाला का जाते याचे उत्तरही तिथेच आहे.


गणितशिक्षिका, लातूर

समपातळी यांच्या मांडणीत एक गोष्ट मुलीने पाहण्यासारखी आहे. दीडास एक काठाचा कोन ३३.६९ अंश होता आणि तो उलट वाचल्यावर ५६.३१ अंश झाला. यांची बेरीज ९०, म्हणजे हे कोटिकोन आहेत, आणि त्यांचे टॅन दोन छेद तीन आणि तीन छेद दोन, म्हणजे एकमेकांचे गुणाकार व्यस्त. काटकोन त्रिकोणात एका लघुकोनाची उभी बाजू ही दुसऱ्याची आडवी बाजू असते, म्हणून असे होणारच. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत या बाजूंना भुज आणि कोटी म्हटले आहे. आपल्या 'कोटिकोन' शब्दात तीच कोटी आहे. मुले तो पूरक कोनाशी गल्लत करून पाठ करतात, त्यापेक्षा शेततळ्याचा नकाशा उलट वाचणारा माणूस लक्षात ठेवावा.


बालाघाटकर

काल सकाळी ऊन चढायच्या आत खुंट्या ठोकल्या. दक्षिणेच्या धुऱ्यावर ३० मीटरला नळी लावली तेव्हा फरक ६० च्या ऐवजी ७१ सेंमी आला. दोघेही गोंधळलो. मग मुलीने नळी उन्हाकडे धरून पाहिली तर काठीच्या जवळच बोटभर लांबीचा हवेचा बुडबुडा अडकला होता. तो टिचक्या मारून बाहेर काढला आणि पुन्हा मोजले. ६२ सेंमी आले. दोन सेंमी ढेकळांच्या नावे लिहून टाकले.

दोरी ताणल्यावर तिने पूर्वेच्या धुऱ्याशी होणारा कोन मोजला. सुतळी आणि शाळेचा कोनमापक यांतून जेवढा नेमका येईल तेवढा तो ५६ अंश आला, आणि हा तोच वहीतला चुकीचा ५६ आहे का असे तिने मला विचारले. तीन छेद दोन तिथेही होते आणि इथेही आहे, असे तिचे तिनेच थोड्या वेळाने सांगितले. पुढची दोरी आम्ही पूर्वेला ४० आणि दक्षिणेला ६० मीटरवर बांधली. दोन्ही दोऱ्यांनी धुऱ्याशी केलेले संगत कोन सारखे भरले, म्हणजे दोऱ्या समांतर आहेत.

इतकी वर्षे आम्ही दक्षिणेच्या धुऱ्याने, म्हणजे २ टक्के उतारावर तास धरत होतो. यंदाची सोयाबीन दोरीच्या दिशेने पेरायची असे ठरवले आहे. ट्रॅक्टरवाल्याने तिरप्या रानात वळणे वाढतात म्हणून एकरी जादा पैसे मागितले आहेत आणि त्याच्याशी बोलणे चालू आहे. तिसरी दोरी मात्र खालच्या अंगाला जुळत नाही. तिथे रान ओढ्याकडे वाकले आहे आणि दोरीच्या मध्यावर नळी १४ सेंमीचा फरक दाखवते. तिथे सरळ रेषा सोडून दर ५ मीटरवर नळीने एकेक बिंदू काढायचा, की ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची, ओळंबा लावलेली लाकडी चौकट) चालवायची, हे समपातळी यांनी सवडीने सांगावे.


समपातळी, हिंगोली

ए-फ्रेमच चालवा. दोन पायांत ३ मीटर अंतर ठेवा, मधल्या आडव्या पट्टीवर ओळंब्याची खूण दोन्ही बाजूंनी पाय बदलून पक्की करा आणि मगच रानात न्या. ज्या बिंदूंची रेषा होईल ती वाकडी दिसेल. तिला तशीच राहू द्या आणि बांधही तिच्यावरच घाला. वर सरळ दोरी चालली, कारण तिथे रान प्रतलासारखे सपाट कललेले होते. खाली तसे नाही.